अर्धा थेंब

पु. – आणि त्यापुढचं टिंब जरा जास्तच काळं, छापताना शाई तिथे क्षणभर रेंगाळली असावी असं. त्यावरून बोट फिरवलं की काहीतरी हाताला लागेल असं वाटतं आणि लागत नाही, कागद आपला गुळगुळीत तो गुळगुळीतच... तिनं तरीही आणखी एकदा बोट फिरवलं. गुणपत्रिकेच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा होता : 'पु. – विषयाचा वर्ग पुन्हा केला.' आणि वर, पहिल्याच ओळीत, 'भाषा – ९१' च्या आधी ते पु. ऐटीत बसलं होतं. त्याच्या बरोबर खालची ओळ – 'रसायनशास्त्र – ८८'. तिथे काही नाही. धुतल्या तांदळासारखी स्वच्छ ओळ.

भाषेचा वर्ग तिनं कधीच पुन्हा केला नव्हता. पुन्हा केला होता तो रसायनाचा. शेवटच्या वर्षी त्या एका विषयात एकतीस गुण पडले आणि मग बरोबरीची सगळी मुलं कॉलेजात गेल्यावर ती वर्षभर, आठवड्यातले सहा तास, एका वर्षानं लहान मुलांमध्ये जाऊन बसली – ज्यांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'आजी' ठेवलं. आजी, तुमचा चष्मा कुठाय? आजी, तुमच्या काळीही हाच अभ्यास होता का? आणि आता शाळेच्या कचेरीत कुणाचं तरी बोट घसरलं, पु. एक ओळ वर चढलं, आणि आजीचं सगळं म्हातारपण पुसून गेलं.

"खाऊन घे काहीतरी," आई म्हणाली.

"नको. जाणारच नाही." खरंच जाणार नव्हतं. भीतीनं म्हणावं तर तसंही नव्हतं – सहलीच्या दिवशी पहाटे चारलाच जाग यावी आणि बाकीचे का झोपलेत याचा राग यावा, तसं. आज अकरा वाजता मुलाखत. रंगरसायन विभाग. वीस जागा. वीस! त्या इमारतीत ती एकदाच गेली होती, अर्ज आणायला, आणि जिना चढताना एका उघड्या दारातून तिला काचेची ती कपाटं दिसली होती – वायू ओढून घेणारी, एका रांगेत सात – आणि एका बाईनं हातातली परीक्षानळी उजेडाकडे धरली होती, नळीत निळं काहीतरी तळाशी बसत होतं, सावकाश... तिला तिथेच बसकण मारावीशी वाटली होती.

आई इस्त्री फिरवत होती. आईचं कोपऱ्यावर धुलाईचं दुकान आहे, डाग काढण्यासाठी लोक लांबून तिच्याकडे कपडे घेऊन येतात. आणि बाबा छापखान्यात मुद्रितं तपासतात. म्हणजे घरात एक जण डाग काढणार, दुसरे चुका काढणार, आणि यांच्या पोटी मी, रसायनात एकतीस! – हे मुळात धाकट्या बहिणीचं वाक्य, 'मी'च्या जागी 'तू' असलेलं, पण ती स्वतःशी ते इतक्या वेळा म्हणाली होती की आता तिला ते आपलंच वाटे. धाकटीनं गुणपत्रिका पाहिली तेव्हा आधी बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या आणि मग विचारलं, "पु. म्हणजे पुल्लिंग ना गं? आमच्या शब्दकोशात असंच असतं. म्हणजे तू..." त्या दिवशी घरात किती दिवसांनी सगळे एकदम हसले.

बाबांच्या नजरेतून ती चूक सुटणं शक्यच नव्हतं. बाबा म्हणजे – एकदा ताप भरला म्हणून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना ताप सांगायच्या आधी बाहेरच्या पाटीवरची वेलांटी चुकलीय हे सांगितलं. औषधाच्या खोक्यावर, बसच्या तिकिटावर, साबणाच्या वेष्टनावर, जिथे छापलेलं अक्षर तिथे त्यांचा लाल पेन. गेल्या मंगळवारी गुणपत्रिका हातात आली तशी त्यांची नजर एकदाच वरून खाली फिरली, हात खिशाकडे गेला, पेनचं टोपण निघालं... आणि परत बसलं. टक्. तो आवाज तिला अजून ऐकू येतो.

"राहू दे," बाबा म्हणाले होते.

"अहो, पण..." आई म्हणाली.

"शाळेनं दिलंय. आपण नाही छापलं. दुरुस्तीला पंधरा दिवस लागतात, मुलाखत त्याच्या आधी आहे. राहू दे."

राहू दे! हे बाबा म्हणाले. चुकलेला काना-मात्रा राहू द्यायचा नाही म्हणून जेवण थंड करणारे बाबा. तिला तेव्हा आनंद झाला की रडू आलं हे तिला आठवत नाही. दोन्ही बहुधा एकाच वेळी आलं, आणि धाकटीनं टक लावून पाहिलं म्हणून ती मोरीत जाऊन उगाच तोंड धुऊन आली.

कारण हिशेब सरळ होता. कॉलेजच्या माहितीपुस्तकात सातव्या पानावर बाबांनी स्वतः अधोरेखित केलेला नियम होता – मुख्य विषयाचा वर्ग पुन्हा केला असल्यास दोन्ही वेळच्या गुणांची सरासरी धरली जाईल, किमान साठ, अपवाद करण्याचा अधिकार समितीचा. एकतीस आणि अठ्ठ्याऐंशी. एकशे एकोणीस. भागिले दोन. साडेएकोणसाठ. अर्धा गुण! दहा कमी पडले असते तर माणूस गप घरी बसला असता, पण हा अर्धा... आणि आता पु. भाषेपुढे होतं, भाषा इथे मुख्य विषय नव्हता, तिची सरासरी कुणी काढणार नव्हतं. अठ्ठ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच. अर्जात फक्त एक रकाना भरायचा राहिला होता : 'पुन्हा केलेला विषय व कारण.' पुढे दीड ओळ कोरी. बाबा म्हणाले होते, गुणपत्रिकेत आहे तेच लिही – भाषा. कारण, आजारपण. ती म्हणाली होती, तिथे गेल्यावर लिहिते.

लोकांना सल्ले द्यायला काय जातं? वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक ऐकीव गोष्ट होती. शेजारच्या काकांच्या भाच्यानं वर्ग पुन्हा केला, तर त्याला एकाही चांगल्या कॉलेजनं दारात उभं केलं नाही. आत्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलीनं पुन्हा केला, तर उलट तिची जिद्द बघून बोलावून घेतलं. काका म्हणाले, वर्ष वाया गेल्याचा शिक्का तो शिक्काच. आत्या म्हणाली, हल्ली असं काही राहिलेलं नाही गं. दोघंही तितक्याच खात्रीनं बोलत, आणि दोघांच्याही गोष्टीतला तो भाचा आणि ती मुलगी प्रत्यक्षात कुणी पाहिलेली नव्हती. पण वाया गेलं? – हा शब्द आला की तिला आत काहीतरी उसळून यायचं. वाया कुठे गेलं? माझं सगळ्यात चांगलं वर्ष होतं ते! हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

"दाखव," आई म्हणाली आणि इस्त्री केलेला सदरा तिच्या अंगाला लावून पाहिला. कॉलरच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा डाग होता, जुना. आईनं तो काढून पाहिला नव्हता असं नाही. तो कधीचा कशाचा हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून राहिला होता. आईचं एकच तत्त्व. गिऱ्हाईक कापड पुढे करतं, आई कापडाकडे न बघता तोंडाकडे बघते आणि विचारते – कशाचा? लोक खोटं सांगतात. औषध सांडलेलं असतं आणि चहा म्हणतात, शाईला गंज म्हणतात. आई म्हणते, डाग कसलाही असो, त्याची मला लाज नाही. पण खोटं सांगितलंत तर मी चुकीचं औषध लावीन, मग डाग राहील आणि कापड जाईल. नापास झाल्यावर ती दुपारी दुकानात बसायला लागली, ते खरं तर घरी काकांच्या समोर बसायला नको म्हणून. तिथेच एकदा आईनं गंजाच्या डागावर थेंबभर आम्ल लावलं आणि तांबूस कडा आतल्या आत विरत गेली... आणि ती चटकन म्हणाली, आई, थांब, हे का झालं? आई म्हणाली, मला काय ठाऊक, तुझ्या पुस्तकात असेल. तिनं घरी जाऊन पुस्तक उघडलं. होतं. अठराव्या पानावर होतं. ते पान मला तोंडपाठ होतं! तोंडपाठ, आणि हे त्यात होतं हे माहीत नव्हतं.

आईनं आज सकाळपासून पु. बद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. निघताना फक्त कॉलर सारखी केली, जरा जास्त वेळ.

निघण्याआधी, बाबा बूट घालत असताना, तिनं कपाटातून जुनी गुणपत्रिका काढली – एकतीसवाली – आणि फाइलच्या अगदी मागच्या कप्प्यात सरकवली. कशाला? तिचं तिलाच कळलं नाही. घरी राहिली तर एकटी पडेल असं काहीतरी वेड्यासारखं वाटलं.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले आणि बाहेरच्या पाट्या वाचत राहिले. दोनदा त्यांचे ओठ हलले, म्हणजे दोन चुका. तिला खूप बोलायचं होतं आणि कुठून सुरू करावं समजत नव्हतं. तिला सांगायचं होतं, बाबा, मी नापास कशी झाले माहितेय का तुम्हाला? खरं कारण? तुम्ही सगळे म्हणता, त्या वर्षी मला परीक्षेच्या वेळी खोकला होता. होता, पण खोकल्यानं काही झालं नाही.

झालं ते असं. रसायनाचे सर पंचवीस वर्षं एकच पुस्तक शिकवत आले आहेत आणि त्यांचे विनोद ठरलेल्या पानांवर ठरलेले आहेत. आम्ल आणि अल्कली यांचा धडा आला की फळ्याकडे पाठ करून, खडू झटकत ते म्हणतात – "आम्ल आणि अल्कली एकत्र आले की काय उरतं? क्षार आणि पाणी. यालाच संसार म्हणतात." वर्ग हसतो. पहिल्या वर्षी ती हसली नव्हती. हसायला तिला सवड कुठे होती, ती लिहून घेत होती. जे बोलतील ते सगळं. मग घरी ते पाठ केलं, डोळे मिटून, डोलत, आणि परीक्षेत 'उदासिनीकरण म्हणजे काय' या प्रश्नाखाली स्वच्छ अक्षरात लिहून आली : 'आम्ल व अल्कली यांच्यातील अभिक्रियेने क्षार व पाणी तयार होते, यालाच संसार म्हणतात.' अधोरेखित करून! सगळी उत्तरपत्रिका तशीच – पाठ केलेल्या माळेतला एखादा मणी अडला की पुढची सगळी माळ तिथेच थांबायची. सरांनी नंतर तिला बोलावून तो कागद दाखवला. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "बाळा, हे मी शिकवलं होतं का गं?" आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की चूक तिची का त्यांची हे त्यांनाच उमगत नाहीये.

दुसऱ्या वर्षी तोच धडा, तोच खडू, तीच पाठ फळ्याकडे. ती पहिल्या बाकावर, मागे सगळी नातवंडं. सर म्हणाले, यालाच संसार म्हणतात. आणि तिला हसू फुटलं – वर्गाच्या आधी, वर्गापेक्षा मोठ्यानं, थांबेचना, सर वळले, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तेही हसायला लागले, आणि वर्गाला काही कळेना की आजीला झालं काय. विनोद आहे हे कळायला तिला एक अख्खं वर्ष लागलं होतं. पण विनोद कळला म्हणजे त्याच्या आधीचं वाक्यही कळलं होतं, त्याशिवाय हसू येतच नाही! त्या दिवसापासून... त्या दिवसापासून काय सांगू, सगळं सुटत गेलं, गुंता झालेल्या लोकरीचं नेमकं टोक सापडावं तसं.

"पुढचा थांबा," बाबा म्हणाले.

कॉलेजच्या त्या मजल्यावर बाक लांबलचक होता आणि त्यावर आधीच सहा-सात जण बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. एक मुलगी डोळे मिटून ओठ हलवत होती. तिच्याकडे पाहून हिला एकदम माया आली. हवेत तो वास होता – काच, स्पिरिट, आणि काहीतरी जळून गेलेलं. ती तो वास नाक भरून घेत राहिली. दार उघडे, एक जण बाहेर येई, दुसरा आत जाई. बाबांनी खिशातला लाल पेन काढून तिच्या हातात दिला. "सही-बिही लागली तर. तुझा निळा गळतो." मग थोड्या वेळानं, समोरच्या भिंतीकडे पाहत, "रकाना भरला का?"

"भरते."

"भाषा. आजारपण. एवढंच. जास्त लिहायचं नाही, जास्त लिहिलं की लोक वाचतात." आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते उठले. "पाणी बघतो कुठे मिळतंय."

ती मोकळी झाली. फाइल उघडली. अर्जाला जोडायची गुणपत्रिकेची झेरॉक्स बाबांनीच काल काढून आणली होती, दोन प्रती, कडा अगदी सरळ. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, कागद तिनं उजेडाकडे जरासा कलता धरला – नुसतं चाळा म्हणून, त्या बाईनं परीक्षानळी धरली होती तसा – आणि तिला ते दिसलं.

समासात, 'भाषा'च्या ओळीपाशी, कागद किंचित चोळवटलेला होता. तिथे खोडरबर फिरला होता. आणि खोडरबराखाली, शिशाची रेघ गेली तरी कागदात उमटून राहिलेली तिची चर – पु. भोवती एक गोल, गोलातून निघालेला बाण, आणि बाणाचं टोक बरोबर एक ओळ खाली, रसायनापाशी. ती खूण तिला लहानपणापासून माहीत होती. मुद्रितावर बाबा ती दिवसातून पन्नासदा करतात. एक ओळ खाली घ्या.

म्हणजे बाबांनी काल बसून... म्हणजे त्यांना राहवलं नाही. पेननं नाही तर पेन्सिलीनं, मूळ प्रतीवर नाही तर झेरॉक्सवर, पण हात गेलाच. आणि मग त्यांनी ते खोडलं. किती जपून खोडलं होतं, कागद फाटू नये म्हणून एकाच दिशेनं... तिनं त्या चरीवरून बोट फिरवलं आणि त्याच वेळी – हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं – इतका आनंद झाला की बाकावर बसून राहणं कठीण झालं. माझ्यासाठी त्यांनी ही गोष्ट केली. आयुष्यात पहिल्यांदा एक चूक राहू दिली, आणि ती त्यांना टोचतेय. चप्पल काढून खडा झटकायचा सोडून माणूस मुकाट चालत राहिला आहे – माझ्यासाठी. आणि मी? मीही उद्यापासून चार वर्षं तसंच चालायचं? सात काचेची कपाटं, नळीतलं निळं, आणि कुणी विचारलं की, छे, रसायन मला पहिल्यापासूनच आवडायचं, आजारी होते ती भाषेच्या वेळी. मग तो संसाराचा विनोद कुणाचा? गंजाचा डाग कुणी पाहिला? मागच्या बाकावरच्या नातवंडांनी शेवटच्या दिवशी फळ्यावर 'आजींना निरोप' लिहिलं, ते कुणासाठी?

पण अर्धा गुण. अर्धा गुण, आणि वीस जागा, आणि याच बाकावर सहा-सात जण फाइली धरून बसलेत. सोपं नव्हतं. तिचा हात त्या दीड ओळीवर कितीतरी वेळ नुसताच टेकलेला राहिला. कशाचा? – असं तिच्या मनात कुणीतरी अगदी सहज, आईसारखं तोंडाकडे बघत विचारलं.

तिनं लिहिलं. बाबांच्या पेननं, त्यामुळे लालच. दीड ओळ दिली होती, तीन शब्द पुरले.

बाबा पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत तिला आत बोलावलं होतं.

टेबलापलीकडे दोघं. एक टक्कल असलेले गृहस्थ, त्यांच्यापुढे कॅल्क्युलेटर. आणि एक बाई – तीच, परीक्षानळीवाली! बाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तपकिरी-काळी पडली होती. चांदीचा क्षार, तिच्या मनात आलं, घासून जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जाईल. आणि बाईंना त्याची काही लाज नव्हती, बोटं मजेत टेबलावर ठेवलेली.

"भाषेत एक्क्याण्णव," गृहस्थ गुणपत्रिका बघत म्हणाले. "आणि भाषाच पुन्हा केलीत? कमाल आहे." मग त्यांनी अर्ज उलटला आणि ते थांबले. "इथे तर तुम्ही लिहिलंय, रसायन..." त्यांनी कागद बाईंकडे सरकवला.

"रसायन. समजलं नव्हतं," बाईंनी मोठ्यानं वाचलं. "एवढंच?"

"हो." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ते पु. चुकून एक ओळ वर छापलं गेलंय. ते खाली हवं." आणि तिनं मागच्या कप्प्यातून एकतीसवाली काढून दोघांच्या मधोमध ठेवली.

गृहस्थांनी बटणं दाबली. नऊ. तिनं ती मोजली. "साडेएकोणसाठ," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर..."

"माहितेय."

"समजलं नव्हतं म्हणजे काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

मग तिनं संसार सांगितला. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सुरुवात झाली आणि मग थांबता येईना – सर, खडू, डोळे मिटून डोलणं, अधोरेखित केलेलं उत्तर. गृहस्थ आधी चष्मा पुसायला लागले, मग खांदे हलायला लागले, मग उघडच हसले. बाई हसल्या नाहीत. बाईंनी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा हसू आलं," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. अनुमापन करताय. चंबूत आम्ल आहे, वरून अल्कली थेंब थेंब सोडताय. रंग अजून आलेला नाही, पण एक अख्खा थेंब टाकला तर जास्त होईल अशी खात्री आहे. काय करता?"

हे! हे विचारलं! ती खुर्चीत पुढे सरकली. पहिल्या वर्षी तिनं प्रत्येक वेळी तो एक थेंब जास्त टाकला होता आणि चंबू भडक गुलाबी करून ठेवला होता. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या एका दुपारी... हातातला लाल पेन तिनं उभा धरला, टोक खाली. "तोटी अगदी जराशी फिरवायची. थेंब टोकाशी येतो, पण सुटू द्यायचा नाही. लोंबतोय, अर्धाच आहे, तेवढ्यात तोटी बंद. मग चंबूची आतली कड त्या टोकाला लावायची, असा, आणि वरून थोडं पाणी मारून तो आत उतरवायचा. अर्धा थेंब. आणि मग चंबू हलवला की..." तिला शब्द सापडेना, ती फिकट छटा, आहे की नाही अशी, पांढऱ्या कागदावर धरली तरच दिसणारी आणि मग न जाणारी. "येतो रंग," ती म्हणाली.

"पुस्तकात नाही हे," गृहस्थ म्हणाले.

"नाही. पुन्हा पुन्हा केलं की येतं."

बोलून झाल्यावर तो शब्द तिच्या लक्षात आला. बाईंच्या लक्षात आला की नाही कुणास ठाऊक; त्या काळ्या बोटांनी दोन्ही गुणपत्रिका एकावर एक नीट लावत होत्या, जुनी खाली, नवी वर. "बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "आज लगेच काही सांगता यायचं नाही. सगळ्यांचं होऊ दे."

बाहेर बाबा उभेच होते, पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय वाचलं कोण जाणे, पण विचारलं ते अगदी हळू. "काय विचारलं?"

"काही नाही. चूक कुठे आहे ते."

"मग?"

"एक ओळ खाली, म्हटलं."

 बाबांचे कान लाल झाले. मग त्यांनी हात पुढे केला, ती चटकन समजली, पेन त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपण लावलं – टक् – आणि पेन खिशात ठेवताना हात तिथेच, छातीवर, थोडा वेळ राहू दिला. "अर्धा गुण गं," एवढंच म्हणाले. रागानं नाही. आणि बाकावर तिच्यासाठी जागा करून सरकले.

दार पुन्हा बंद झालं होतं. डोळे मिटून पुटपुटणारी ती मुलगी आत गेली होती. ती बाबांशेजारी बसली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कुणाचा तरी आवाज, शब्द नाही. नाही म्हणतील. म्हणू शकतात, साडेएकोणसाठ म्हणजे साडेएकोणसाठ, नियम सातव्या पानावर छापलेला आहे आणि त्यात छपाईची चूक नाही. तिनं ते वाक्य मनातल्या मनात मुद्दाम पुरतं म्हणून पाहिलं, जिभेवर घोळवून – नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी अर्ज... पुन्हा. आणि ती थांबली, त्या शब्दावर पोटात खड्डा पडण्याची वाट बघत. गेलं वर्षभर तो इमानेइतबारे पडत आला होता. पडला नाही. तिनं परत म्हणून पाहिलं, पुन्हा, पुन्हा, धाकटीला चिडवावं तसं, आणि काहीच झालं नाही, फक्त काच, स्पिरिट आणि जळक्याचा तो वास पुन्हा नाकाशी आला.

"बाबा," ती म्हणाली, "खायला काही मिळतं का हो इथे?"

सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागली होती. सपाटून लागली होती.